बाबांना इंग्रजीत काय म्हणू?

पत्र : मी अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यातली. बी.ए.पर्यंत सगळं मराठीतून शिकले. यंदा पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए.ला आले, तर इथे सगळं इंग्रजीतून. श्रद्धा, धर्म, विचार, ज्ञान यांबद्दलचे अवघड इंग्रजी शब्द येत नाहीत, म्हणून सातशे शब्दांची यादी उतरवून घेतली. रोज वीस पाठ करते आणि आठवड्यात बहुतेक विसरते. ‘माझ्या घरातल्या श्रद्धा’ असा निबंध होता. त्यात मी लिहिलं, ‘माय फादर इज अ सुपरस्टिशस अँड ऑर्थोडॉक्स मॅन, बट आय ॲम ॲन एथीस्ट.’ मॅडमनी खाली रेघ मारून समासात एकच शब्द लिहिला : खरंच? माझे बाबा माळकरी आहेत. एकादशी, हरिपाठ, आषाढीची वारी कधी चुकत नाही. पण जत्रेत बोकड कापायला त्यांचा विरोध, भगताच्या दारात ते कधी गेले नाहीत, आणि शेतात बोअर घेतली तीही सगळे नको म्हणत असताना अमावास्येला. मला मात्र देव आहे की नाही हे कळायचा मार्गच दिसत नाही. निबंध दहा दिवसांत पुन्हा लिहून द्यायचाय. चांगली यादी सुचवाल का? आणि मराठी माध्यमातल्या मुलीला हे कधी जमेल का?

उत्तर :

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य अमावास्येच्या बोअरचं आहे, आणि नेमकं तेच तुझ्या निबंधात नाही. मॅडमच्या ‘खरंच?’चा अर्थ मला तरी हाच दिसतो. चूक व्याकरणाची नाही. ज्या माणसाला तू पुरता ओळखतेस, त्याच्यावर तू यादीतला जवळचा शब्द चिकटवलास.

हाच निबंध मराठीत असता तर ‘माझे बाबा अंधश्रद्धाळू आहेत’ असं लिहिलं असतंस का? मला नाही वाटत. लेखणी अडली असती. भाविक, श्रद्धाळू, देवभोळा, कर्मठ, सनातनी, सोवळ्यातला, माळकरी, दांभिक, अंधश्रद्धाळू, या प्रत्येक शब्दाआड तुला एकेक वेगळा माणूस दिसतो. देवभोळ्या आजीबद्दल आपल्याला माया असते, दांभिक बुवाबद्दल नसते. हे तुला कुणी शिकवलेलं नाही, ते घरात आणि पारावर ऐकून ऐकून आलंय. इंग्रजी शब्दांनाही अशीच माणसं चिकटलेली असतात. यादीत ती दिसत नाहीत, तिथे फक्त शब्दासमोर एक अर्थ असतो. म्हणून सातशे शब्द पाठ करून हाती फार काही लागत नाही. आठवड्यात विसरतेस त्याचं दुःख करू नकोस.

आता ‘सुपरस्टिशस’ शब्दच घे. हा वर्णनाचा शब्द नाही, निकालाचा आहे. दुसऱ्याची श्रद्धा आपल्याला पटत नाही, तेव्हा तिला हे नाव मिळतं. रोमन इतिहासकार टॅसिटसने ख्रिस्ती धर्माला हाच शब्द लावला होता. पुढे ख्रिस्ती लोकांच्या हाती सत्ता आली आणि त्यांनी तो रोमनांच्या जुन्या देवांना लावला. त्यानंतर प्रोटेस्टंटांनी तो कॅथलिकांच्या चालीरीतींवर उलटवला. शब्द तोच राहिला, बोलणारे बदलले. म्हणून हा शब्द भेटला की आधी बघायचं, कोण कुणाबद्दल बोलतंय.

आपल्याकडे हे फार वेदनेने समोर आलेलं आहे. श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते, यावर महाराष्ट्र कितीतरी वर्षं भांडला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी कायदा आला. त्या कायद्याचं लांबलचक नाव एकदा काढून वाच. नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा, जादूटोणा असे शब्द त्यात आहेत, ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. कायद्याने श्रद्धेची व्याख्या करण्याच्या भानगडीत न पडता कोणती कृत्यं गुन्हा ठरतील ती अनुसूचीत मांडली. तुझ्या निबंधासाठी ही वाट मला फार मोलाची वाटते. शब्दावर विश्वास बसत नसेल तेव्हा माणूस काय करतो ते लिहावं. बोकड कापू देत नाही, भगताकडे जात नाही, अमावास्येला बोअर घेतो. हे वाचल्यावर कुणीही त्याला सुपरस्टिशस म्हणणार नाही. नवसासायासांवर तर तुकोबांनीच कोरडे ओढलेत, तुझे बाबा त्याच वाटेवरचे दिसतात.

‘ऑर्थोडॉक्स’ची गंमत वेगळी आहे. मराठीत आपण तो ‘जुन्या वळणाचा’ म्हणून सर्रास वापरतो, म्हणून तुझ्या हातून सहज उतरला. मुळात तो ग्रीक आहे, ‘ऑर्थोस’ म्हणजे बरोबर, सरळ, आणि ‘डॉक्सा’ म्हणजे मत. योग्य मत बाळगणारा तो ऑर्थोडॉक्स. ख्रिस्ती जगात काय मानायचं हे परिषदा भरवून ठरवलं गेलं, त्यामुळे तिथे मताला एवढं वजन आलं. आपल्याकडे कर्मठ माणसाला तू मनात काय मानतोस असं सहसा कुणी विचारत नाही, सोवळं नीट नेसलास का हे विचारतात. कर्मठ हा आचाराचा शब्द आहे. त्यासाठी इंग्रजीत अभ्यासकांनी ‘ऑर्थोप्रॅक्सी’ असा जोडशब्द केलाय, ‘प्रॅक्सिस’ म्हणजे आचरण. तुझ्या वर्गात हा शब्द उपयोगी पडेल. बाबांना मात्र तोही लागू होत नाही. वारीत समोरच्याची जात न विचारता एकमेकांच्या पाया पडणाऱ्याला कर्मठ कसं म्हणायचं?

यात आणखी एक खाचखळगा आहे आणि तुझ्या विषयात तो पदोपदी येणार. भारतीय दर्शनांवरच्या इंग्रजी पुस्तकांत ‘आस्तिक दर्शनं’ याचं भाषांतर ‘ऑर्थोडॉक्स स्कूल्स’ असं होतं आणि ‘नास्तिक दर्शनं’ होतात ‘हेटेरोडॉक्स’. तिथे ऑर्थोडॉक्स म्हणजे वेदांचं प्रामाण्य मानणारं, जुन्या वळणाचं नव्हे. आणि म्हणूनच तुझ्या वाक्यातला ‘एथीस्ट’सुद्धा जपून वापरायला हवा. आपण शाळेत नास्तिक म्हणजे एथीस्ट असं शिकतो. रोजच्या मराठीत ते चालून जातं, उत्तरपत्रिकेत चालत नाही. मनुस्मृतीत नास्तिकाची ओळख वेदांची निंदा करणारा अशी आहे, देव न मानणारा अशी नाही. पूर्वमीमांसा हे दर्शन घे, ती वेदांना सर्वस्व मानते पण जगाचा कर्ता असा ईश्वर तिला लागत नाही. सांख्य दर्शनाचंही मुळात तसंच. तरी दोन्ही आस्तिक. आता ‘आस्तिक’साठी ‘थीस्ट’, म्हणजे ईश्वर मानणारा, असं लिहून बघ, मीमांसेबद्दलचं तुझं वाक्य सरळ खोटं ठरेल. मराठीतला एक शब्द आणि इंग्रजीतला एक शब्द अशा जोड्या लावत गेलं की असे अपघात होतात, आणि हुशार मुलांचे जास्त होतात, कारण त्यांना जोड्या पाठ असतात.

तू स्वतः एथीस्ट आहेस का, हे मी ठरवणार नाही. पण तुझ्या पत्रात तू म्हणतेस की देव आहे की नाही हे कळायचा मार्गच तुला दिसत नाही. त्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘ॲग्नॉस्टिक’, आणि तो एका माणसाने मुद्दाम घडवलेला आहे. थॉमस हेन्री हक्सली, डार्विनच्या बाजूने हिरिरीने भांडणारा जीवशास्त्रज्ञ. लंडनच्या मेटाफिजिकल सोसायटीत सगळे विद्वान आपापली बिरुदं लावून बसलेले, याच्या अंगावर एकही बसेना. तेव्हा १८६९ मध्ये त्याने हा शब्द काढला. जे कळलेलं नाही ते कळलंय असं म्हणायचं नाही, एवढीच त्याची अट होती. काठावर बसणाऱ्याचा हा शब्द नव्हे, हे लक्षात ठेव. फार लोक ‘अजून ठरवलं नाही’ या अर्थाने तो वापरतात आणि त्याचा कणा मोडतात.

या शब्दाच्या पोटातला ‘ग्नो’ तुला ओळखीचा वाटला पाहिजे, कारण तो आपला ‘ज्ञा’ आहे. ज्ञान, विज्ञान, सर्वज्ञ यांतला ज्ञा, इंग्रजीतला ‘नो’, ‘डायग्नोसिस’ आणि ‘इग्नोरंट’मधला ‘ग्नो’ हे सगळे एकाच खोडाचे फुटवे. म्हणून इंग्रजी ‘नो’च्या स्पेलिंगमध्ये उच्चारात नसलेला के अजून उभा आहे. मला हे कळलं तेव्हा मी शिक्षिका होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्या दिवशी वर्गात पुस्तक मिटून ठेवलं आणि तासभर फक्त एवढंच शिकवलं.

आणि याहून मनाला भिडणारी जोडी म्हणजे ‘श्रद्धा’ आणि लॅटिन ‘क्रेडो’. क्रेडो म्हणजे मी विश्वास ठेवतो. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे, आणि त्या मुळाचा अर्थ बहुधा ‘हृदय ठेवणं’ असा होता. त्याच क्रेडोपासून इंग्रजीत ‘क्रीड’ आला, किराणा दुकानातलं ‘क्रेडिट’ आलं, ‘क्रेडिबल’ आला. वाण्याने उधार दिलं म्हणजे त्यानेही आपल्यावर हृदयच ठेवलं म्हणायचं. याच घरातला ‘क्रेड्युलस’ हा तुला निबंधात लागणार आहे. जो काहीही पटकन खरं मानतो तो क्रेड्युलस, आपला भाबडा. त्याच्या उलट ‘इन्क्रेड्युलस’. इथे एक ठेच मी स्वतः खाल्ली आहे. कॉलेजात असताना पंढरपूरच्या गर्दीचं वर्णन करताना मी ‘इन्क्रेड्युलस क्राउड’ लिहिलं. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘एवढे लाख लोक चालत आले आणि विश्वास नसलेले?’ वर्ग हसला, मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. विश्वास न बसण्याजोगी गोष्ट ‘इन्क्रेडिबल’. विश्वास न ठेवणारा माणूस ‘इन्क्रेड्युलस’. त्यानंतर आजतागायत चुकले नाही.

मग बाबांसाठी कोणता शब्द? मनापासून श्रद्धा असलेल्याला ‘डिव्हाउट’ म्हणतात, आणि हा शब्द बहुतेक वेळा आदरानेच येतो. नेमधर्म पाळणारा, एकादशी न चुकवणारा तो ‘ऑब्झर्व्हंट’. ‘पायस’ दुधारी आहे, चांगल्या अर्थानेही येतो आणि तोंडदेखल्या सोवळेपणासाठीही. ‘सँक्टिमोनियस’ तर सरळ दांभिक. शेक्सपिअरच्या काळात मात्र तो खरोखर ‘पवित्र’ या अर्थानेही चालायचा, पुढे घसरला. शब्द असे घसरतात, कधी वर चढतात. ‘एन्थुझिॲझम’ आज प्रत्येक नोकरीच्या अर्जात असतो. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ आत देव शिरणं, म्हणजे आपलं चक्क अंगात येणं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कुणाला ‘एन्थुझिॲस्ट’ म्हणणं ही शिवी होती, धर्माने झपाटलेला असा तिचा रोख. उलटी घसरण पाहायची तर ‘हेरेसी’ घे. मूळ ग्रीक अर्थ निवड, पुढे एखादा पंथ, आणि मग चर्चच्या हाती तो जाळून मारण्याजोगा गुन्हा झाला. आपल्या ‘पाखंड’चं नशीबही थेट तसंच. अशोकाच्या शिलालेखांत ‘पाषंड’ म्हणजे नुसता पंथ, आणि बाराव्या शिलालेखात तो सगळ्या पाषंडांचा मान राखायला सांगतो. आज पाखंडी म्हटलं की भांडण होतं. हेरेसी आणि पाखंड एकाशेजारी एक लिहून ठेव. यादीतल्या वीस शब्दांपेक्षा ही जोडी तुला जास्त शिकवेल.

ज्ञानाच्या शब्दांत तर मराठी मुलीने घाबरायचं कारणच नाही. ‘एपिस्टेमॉलॉजी’ हा शब्द ऐकून धडकी भरते ना? स्कॉटलंडच्या जेम्स फेरियरने तो १८५४ मध्ये इंग्रजीत रूढ केला, म्हणजे शब्द काही फार जुना नाही. आपल्याला एखादी गोष्ट कळली असं केव्हा म्हणता येईल, हा त्याचा प्रश्न. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांनी, तो शतकानुशतकं ‘प्रमाण’ या शब्दाखाली चर्चिला : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. यातलं शब्दप्रमाण म्हणजे तुमच्या वर्गातलं ‘टेस्टिमनी’. तुझे बाबा ‘ज्ञानोबा-तुकोबांचा शब्द प्रमाण’ म्हणत असतील तर ते नेमकी एक ज्ञानशास्त्रीय भूमिका घेताहेत. तेच बाबा अमावास्या बाजूला सारून बोअर घेतात, तेव्हा जमिनीखालच्या पाण्याबाबत ते तिथीचा शब्द प्रमाण मानत नाहीत. एका बाबतीत शब्द, दुसऱ्या बाबतीत अनुभव. त्या दुसऱ्याला ‘एम्पिरिकल’ म्हणतात, ग्रीक ‘एम्पेइरिया’ म्हणजेच अनुभव. एकाच माणसात ही दोन प्रमाणं कशी नांदतात, कुठली कुठे लागू करायची हे तो कसं ठरवतो, हा मला एम.ए.च्या निबंधाचा खरा विषय वाटतो. सुपरस्टिशस लिहून तू तो विषयच झाकून टाकलास.

बाबांना ‘स्केप्टिक’ म्हणता येईल का, असं तुला वाटेल. भगताच्या बाबतीत नक्की. पण मराठीत त्याला ‘संशयी’ म्हणू नकोस, संशयी म्हटलं की बायकोवर पहारा ठेवणारा नवरा डोळ्यांसमोर येतो. ‘स्केप्टिक’चं मूळ आहे निरखून पाहणं. ‘चिकित्सक’ हा त्याचा चांगला भाऊ. ‘सिनिक’ मात्र दूर ठेव. त्याला कुणाच्याच चांगुलपणावर विश्वास नसतो, आणि वारीला जाणारा माणूस सिनिक असणं अवघड.

विचाराच्या शब्दांबद्दल थोडंच. ‘पाँडर’मध्ये वजन आहे, आपण तोलून बघतो तसं. ‘रुमिनेट’ म्हणजे शब्दशः रवंथ करणं. मात्र मानसशास्त्रात ‘रुमिनेशन’ म्हणजे तोच त्रास देणारा विचार डोक्यात घोळत राहणं, तेव्हा कुठल्या वर्गात बसलीस ते बघून वापर. चुकीचे जुळेही सांभाळ : ‘टेनेट’ म्हणजे तत्त्व आणि ‘टेनंट’ म्हणजे भाडेकरू, ‘असेटिक’ म्हणजे तपस्वी आणि ‘ईस्थेटिक’ म्हणजे सौंदर्याचा. ‘सॅक्रिलिजस’ म्हणजे पवित्र गोष्टीचा अवमान करणारा, त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘रिलिजस’ नाही. त्यात एलच्या आधी आय आणि नंतर ई, रिलिजसमध्ये बरोबर उलट.

तू यादी मागितलीस, ती मी देणार नाही. सातशेंची वही काही दिवस ट्रंकेत ठेव. निबंधाला लागतील तेवढे बारा-पंधराच शब्द घे. प्रत्येकासाठी तुझ्या गावातला एक माणूस शोध. क्रेड्युलस कोण, सँक्टिमोनियस कोण, डॉग्मॅटिक म्हणजे आपलंच मत हट्टाने धरून बसणारा कोण, मनातल्या मनात ठरव आणि त्याच्यावर इंग्रजीत एक वाक्य लिही. मग तोच शब्द कुणाला लावता येणार नाही, हेही लिही. हे दुसरं वाक्य टाळू नकोस, शब्दाची कड तिथेच कळते. शंका आली तर ‘स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसफी’ इंटरनेटवर फुकट आहे, तिथे शब्द वापरात दिसतो. आणि मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, तोही इंटरनेटवर मिळतो. त्यात भाविक, कर्मठ, पाखंड उघडून बघ, त्या काळच्या इंग्रजाने प्रत्येकासाठी किती शब्द खर्ची घातलेत ते. त्याचं इंग्रजी जुनं आहे, जसंच्या तसं उचलू नकोस, पण एका शब्दासमोर एकच शब्द ठेवून भागत नाही हे त्यालाही कळलं होतं.

मराठी माध्यमाबद्दल खरं सांगते. पहिलं वर्ष जड जाईल. वर्गात इतर मुलं चटकन बोलतील आणि तुझं वाक्य मनात जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असेल. याचा त्रास होतो, मी तो भोगलाय, आणि तो नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. पण माळकरी आणि देवभोळा यांतला फरक ज्याने लहानपणी ऐकलेला नाही, त्याला तो पुस्तकातून शिकायला फार वर्षं लागतात. तुला फक्त त्याचं इंग्रजी शिकायचंय.

तुझ्या वाक्याच्या जागी मी तूर्त असं लिहीन : ‘माय फादर इज अ डिव्हाउट मॅन, बट नॉट अ क्रेड्युलस वन.’ त्याच्यापुढे लगेच बोअरची गोष्ट. आणि ‘माळकरी’साठी इंग्रजी शब्द शोधत बसू नकोस. तो तसाच ठेव आणि पुढच्या वाक्यात समजावून सांग. इंग्रजीने पंडित घेतला, गुरू घेतला, अवतार घेतला, आपल्या जगन्नाथाचा तर ‘जगरनॉट’ करून टाकला. एक माळकरी तिथे सहज मावेल.

त्याआधी एक काम कर. आज संध्याकाळी, हरिपाठ आटोपल्यावर, बाबांना फोन लाव आणि विचार की अमावास्येला बोअर घ्यायची असं त्यांनी का ठरवलं. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. भाषांतर नंतर करू.

तुझी,
इंग्रजीची बाई